पुढून वढतंय, मागून फेकतंय

खाजामियाँ मोटार चालू करायला हँडल घेऊन खाली उतरला, की रेवण्णा त्याच्या कमरेला दोर बांधायचा.

मी थट्टा करत नाही. आमच्या मादन हिप्परग्याला तेव्हा आळंदहून एकच मोटार यायची आणि तीच पुढं कल्याणीला जायची. तिचा ड्रायव्हर खाजामियाँ. मोटार वयस्कर होती, पुढून हँडल मारल्याशिवाय बोलत नसे. खाजामियाँ हँडल मारायला वाकला, की रेवण्णा विहिरीच्या मोटेचा जुना नाडा, म्हणजे चांगला मनगटाएवढा जाड दोर, त्याच्या कमरेभोवती आवळायचा. दुसऱ्या टोकाचा लिंबाच्या बुंध्याला एक वेढा द्यायचा आणि पाय रोवून उभा राहायचा. इंजिनानं खाजामियाँला आत ओढलंच, तर रेवण्णा त्याला बाहेर ओढणार होता.

"छोड रे बाबा, लोगां हसते," खाजामियाँ कळवळून म्हणायचा.

"हसू दे. इंजिनाला वळख नसतीय, मियाँ. तू डायवर हाईस ते त्येला काय ठावं?"

एकदा इंजिन जरा जोरात धडधडलं. रेवण्णाला वाटलं, घेतला आत! त्यानं असा हिसका दिला की खाजामियाँ हँडलसकट उताणा पडला. त्यानंतर महिनाभर रेवण्णा भेटेल त्याला सांगत होता की मी मियाँचा जीव वाचवला. खाजामियाँकडं कुणी चौकशी केली तर तो बिचारा वाद नको म्हणून "हौ, बचाया" म्हणायचा आणि कंबर चोळायचा.

रेवण्णा माझा शेजारी, भिंतीला भिंत. उंच, हाडकुळा, गळ्यात लिंग, डोक्याला पांढरा रुमाल. आवाज असा की त्यानं आपल्या घरात "पाणी दे" म्हटलं की माझ्या घरात माझी बायको तांब्या भरायला उठायची. पोलीस ॲक्शननंतर गावात काम उरलं नाही, तेव्हा तो बायकोला घेऊन हैदराबादकडं गेला आणि एका विमानतळावर गवत कापायच्या कामाला लागला. मुलगी नीला आजोळी ठेवली होती. बायको, शांतक्का, तिकडंच तापानं वारली. रेवण्णा नोकरी सोडून गावी आला, मुलीला घेऊन आला आणि येताना ही इंजिनाची विद्या घेऊन आला.

कारण तिकडं त्यानं जेट विमान पाहिलं होतं. आमच्या गावानंही विमान पाहिलं होतं, नाही असं नाही. पण ते आभाळात, माशीएवढं. रेवण्णानं ते जमिनीवर पाहिलं, जवळून पाहिलं आणि इंजिन चालू असताना पाहिलं. माझ्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसून तो गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा. गिऱ्हाईक मीठ न्यायला आलेलं असायचं.

"साध्या इमानाचा पंखा फिरताना दिसतोय. माणूस आपसूक लांब ऱ्हातोय. जेटला पंखा दिसत न्हाई. नुस्तं तोंड. देवळाच्या दारागत उघडं. माणसाला वाटतंय, जावं जवळ, काय हुतंय? पुढून वढतंय, मागून फेकतंय, मधी हात लावला तर भाजतंय. आता सांग, कुठं उभारशील?"

"मी मीठ घेऊन घरी जाईन की," गिऱ्हाईक म्हणायचं.

"शाना हाईस," रेवण्णा म्हणायचा.

पहिल्या वर्षी त्याच्या गोष्टीत इंजिनानं एका साहेबाची टोपी ओढली होती. दुसऱ्या वर्षी टोपीबरोबर छत्री गेली. पुढं चादर गेली, मग दिवाळीच्या सुमारास खाट गेली. मी विचारलं, "खाटंवर कोण हुतं?" तर म्हणाला, "कुणी न्हवतं. असतं तर मी असा गप बसलो असतो व्हय?" शेवटी एक बकरी गेली. ती दाव्यासकट, खुंट्यासकट गेली. आमचं एक चेंगट गिऱ्हाईक होतं, त्यानं विचारलं की मग मागून काय निघालं?

रेवण्णा ताठ झाला. "मी लिंगवंत माणूस. मागून काय निघालं ते मी कामून बघू?"

बकरी गेली त्याचं आम्हाला काही नव्हतं. पण जेटचा नियम तो ज्याला-त्याला लावायचा. भजनात पेटी वाजायला लागली की तो पेटीवाल्याच्या समोरून उठून बाजूला बसायचा, म्हणायचा, "ही तर वढती बी अन् फेकती बी, एकाच जागी." लोहाराच्या भात्यापुढून जाताना धोतराचा सोगा खोचायचा. कुणी शिंकायच्या बेतात दिसलं की समोरच्याला हाताला धरून बाजूला घ्यायचा. एकदा आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन माझ्या बायकोला म्हणाला, "वैनी, फुंकणीच्या समोर उभारू नका."

"मग चूल कोण फुंकणार?"

"बाजूनं फुंका."

ती दिवसभर चिडलेली होती आणि भाकरी कच्ची राहिली. ती मला खावी लागली.

चालू इंजिनाजवळ जायचं तर अंगावर काही मोकळं असता कामा नये, हा त्याचा आणखी एक कायदा. पाटलांनी गावाबाहेरच्या विहिरीवर तेलाचं इंजिन आणलं, तेव्हा ते बघायला सगळं गाव लोटलं. रेवण्णा वाटेवर उभा राहून प्रत्येकाला टोपी काढायला लावत होता. त्याचं स्वतःचं गळ्यातलं लिंग उपरण्यानं छातीशी गच्च बांधलेलं. मला म्हणाला, "टोपी गेली तर दुसरी मिळतीय, माणकू. ह्ये गेलं तर कुणाला तोंड दावू?" मीही टोपी काढून काखेत धरली.

पण खरा गोंधळ झाला तो चुन्याचा. राज्यं फोडून नवी करायची बोलणी तेव्हा जोरात होती. हैदराबाद राहणार नाही एवढं सगळ्यांना कळलं होतं. आमचं गाव कुठं पडणार ते कुणालाच कळलं नव्हतं. रोज कुणीतरी आळंदहून नवी बातमी आणायचं. आज म्हैसूर, उद्या मुंबई. अशा दिवसांत एका सकाळी गाव उठून बघतं, तर पाटलांच्या विहिरीभोवती चुन्याची पांढरीफेक रेघ! पाणंदीतून निघून, भीमशाचा गोठा अर्धा कापून, खळ्याला वळसा घालून ती पुन्हा पाणंदीला आलेली.

"रेघ पडली! सरकारची रेघ पडली!"

सगळं गाव धावलं. भीमशा गोठ्यात उभा राहून कपाळ बडवत होता. "गव्हाण म्हैसुरात गेली अन् म्हैस मुंबईत ऱ्हायली की रं! आता तिला वैरण कशी घालू?" खळ्यावर सिद्रामप्पा आणि धोंडिबा हे दोन म्हातारे रोज एकत्र तंबाखू खायचे. अर्धं कानडी, अर्धं मराठी, जे तोंडात येईल ते बोलायचे. त्या सकाळी सिद्रामप्पा रेघेच्या आत सापडला आणि धोंडिबा बाहेर. सिद्रामप्पानं आतून नुसतं कानडी सुरू केलं. धोंडिबा ते जन्मभर समजत आला होता, पण त्यानं समजत नसल्याचा चेहरा केला. तंबाखू संपल्यावर मात्र धोंडिबाच रेघ ओलांडून आत गेला.

पाटील घोड्यावरून आले. रेवण्णा नाड्याचं वेटोळं खांद्यावर टाकून आणि चुन्यानं हात पांढरे करून शांतपणे उभा होता.

"रेवण्णा, ह्ये तू केलास?"

"व्हय मालक. पुढून एक नाडा, मागून दोन नाडे. इंजिनाचं अंतर हाय. ह्येच्या आत कुणी उभारायचं न्हाई."

"अरे, लोक परेशान झाल्यात! त्येंना वाटायलंय राज्याची हद्द पडली."

"राज्य कुठं बी जाऊ द्या की मालक," रेवण्णा म्हणाला, "इंजिन हितंच ऱ्हानार हाय."

पाटलांनी त्याच्याकडूनच ती रेघ पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानं ती राखेनं पुन्हा मारली. राख दिसत नाही म्हणून गावानंही सोडून दिलं.

इतकं झालं तोवर आम्हाला मजा होती. वेडं माणूस शेजारी असलं की घरात करमणुकीला तोटा नसतो. पण मग नीलाचं लग्न निघालं आणि मला त्याचा खरोखर राग यायला लागला.

नीला गोड पोर. बापाच्या सगळ्या तऱ्हा हसून सोसायची, "अप्पा, इंजिन काय आपल्या मागं लागतंय व्हय?" असं विचारायची आणि तरी मोटारीत चढताना पदर खोचून घ्यायची. तिला कल्याणीचं स्थळ आलं. मुलगा मल्लिनाथ. माणसं भली, घर खाऊन-पिऊन सुखी. आत्याच्या घरच्या लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलेलं होतं आणि पसंतीही झालेली होती, हे माझ्या बायकोनं काढून घेतलं होतं. फक्त एक गोष्ट. त्यांची पिठाची गिरणी होती. तेलाच्या इंजिनावर चालणारी. आणि ती घरातच होती.

"पोरगी इंजिनाच्या तोंडी द्यायची न्हाई," रेवण्णा म्हणाला आणि विषय संपवला.

नीला माझ्या दुकानात आली. त्या दिवशी ती हसत नव्हती. "काका, तुमी सांगा की अप्पाला. तुमचं ऐकतेत ते. ह्ये ठिकाण मोडलं तर मी दुसरं बघणार न्हाई."

मी रेवण्णाला पुष्कळ समजावलं. शेवटी तो एवढ्यावर आला, की बघून येऊ. आम्ही दोघं खाजामियाँच्या मोटारीनं कल्याणीला गेलो. रेवण्णानं नाडा बरोबर घेतला होता. मुलीचा बाप खांद्यावर जाडजूड दोर टाकून दारात उभा राहिलेला बघून मल्लिनाथची आई गडबडली. तिला वाटलं, पाहुण्यांनी गाय आणली. ती दोन-तीनदा रस्त्यावर जाऊन डोकावून आली.

पुढच्या खोलीत गिरणी दणदण चालू होती. मागं स्वयंपाकघर. रेवण्णानं नाड्याचं एक टोक माझ्या हाती दिलं आणि इंजिनापासून चुलीपर्यंत माप घेतलं. निम्मा नाडा उरला. मल्लिनाथचे वडील, शरणप्पा, हसून ओरडले, "अवं ही पिठाची गिरणी हाय! हिनं आजवर एक चिमणी वढली न्हाई!"

रेवण्णानं उपरण्याचं टोक लांबून इंजिनासमोर धरलं. हललंही नाही. सगळे त्याच्याकडं बघत होते. मला लाजेनं मेल्यासारखं झालं.

मग त्यानं एक विचित्र गोष्ट केली. तो बाहेर रस्त्यावर, घराच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्यानं मल्लिनाथच्या आईला हाक मारली, "ओ अक्काऽऽ!" ती चुलीपाशी शिरा ढवळत होती. तिनं वर पाहिलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली, बेंबीच्या देठापासून. ती आपली ढवळतच होती. रेवण्णा आत आला, त्यानं नाडा गुंडाळला, हात जोडले आणि म्हणाला, "येतो आमी." शिरा तसाच राहिला.

मोटार थांबायची तिथं चिंचेखाली आल्यावर मी तोंड सोडलं. "रेवण्णा, तुला डोकं हाय का? सोन्यासारखं ठिकाण! एका टोपीपायी अन् बकरीपायी पोरीचं वाटोळं करायलास!"

"बकरी न्हवती, माणकू," तो म्हणाला. इतक्या वर्षांत मी त्याचा हळू आवाज पहिल्यांदा ऐकला. "टोपी तेवढी गेली हुती. बाकीचं मी जोडलं."

"कामून जोडलास?"

"लोकांनी लांब उभारावं म्हणून. खरं सांगितलं तर कोण लांब उभारतंय?"

तो नाड्याचा पीळ उलगडत बसला.

"शांतीला ताप हुता. तशीच पडली हुती घरी. मी कामावर गेलो. दुपारी ती तारेच्या कुंपणापशी आली. मी पाठमोरा बसून गवत कापायलो हुतो. इंजिन चालू हुतं. लोकांनी बघितलं. लई हाका मारल्या म्हणं तिनं, तार धरून. मला एक बी ऐकू आली न्हाई. मग गेली परत. सांजच्याला घरी आलो तर वाचा गेली हुती. वळखत हुती, डोळ्यांनी बघत हुती. बोलता येत न्हवतं. दुसऱ्या दिवशी गेली." त्यानं उलगडलेला पीळ पुन्हा आवळला. "काय सांगायला आली हुती, मला आजून ठावं न्हाई."



"इंजिन वढतंय ते खरं. पर सगळ्यात आधी ते हाक वढतंय, माणकू. उद्या मी म्हातारा हुईन. पोरीला बघावं वाटलं तर हितंच येणार की. त्या दारात उभारून हाक मारीन. अन् पोरीनं वळून बघितलंच न्हाई तर?"

मी वाईट माणूस नाही, पण जिभेनं तिखट आहे. त्या दिवशी मात्र मला चिंचेखाली बसून रडू आलं, आणि ते लपवायला मी छत्री विसरल्याचं सांगून गिरणीकडं परत गेलो. छत्री मी आणलीच नव्हती. मल्लिनाथला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पोरगा पिठानं पांढरा झालेला, भुवयासुद्धा पांढऱ्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, इंजिन बंद करता येतंय की."

"अरे, पाट्यात अर्धं दळण असतंय, मधीच बंद करून कसं चालंल?" शरणप्पा म्हणाले.

"अडकू द्या पीठ," मल्लिनाथ म्हणाला आणि तसाच, पिठाच्या अंगानं, चिंचेपर्यंत आला. रेवण्णासमोर उभा राहून म्हणाला, "मामा, तुमी आलात की मी गिरणी बंद करीन. मग हाक मारा."

रेवण्णाचा नाड्यावरचा हात थांबला. "पुन्ना चालू करायला लई तरास हुईल."

"हुईल."

"हँडल मारताना कमरेला दोर बांधशील?"

मल्लिनाथनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. "बांधीन," तो म्हणाला.

लग्न झालं. सनईवाल्याला मांडवात आडवं बसवलं होतं, म्हणजे सनईचं तोंड कुणाकडंच येणार नाही. ती भिंतीला ऐकू गेली, आम्हाला थोडी. नीला कल्याणीला गेली. रेवण्णा दुकानाच्या पायरीवर बसून राहायचा आणि गिऱ्हाइकांना काहीच सांगायचा नाही. लोक मीठ घेऊन थोडा वेळ थांबायचे, त्याच्याकडं बघायचे आणि निघून जायचे. मलाच करमेना. मी एकदा मुद्दाम बकरीचा विषय काढला, तर म्हणाला, "जाऊ दे की, मेली ती."

पहिली पंचमी आली. लेकीला सणाला माहेरी आणायला मुराळी जातो, म्हणजे तिचा भाऊ. नीलाला भाऊ नव्हता. रेवण्णा स्वतःच निघाला आणि मला बरोबर घेतलं.

गल्लीच्या तोंडाशी आलो तर गिरणीची धडधड इथवर येत होती. सणाचं दळण; बायकांची ही मोठी रांग, डोक्यावर टोपल्या. रांगेच्या शेवटच्या बाईनं आम्हाला पाहिलं आणि पुढचीला कोपर मारलं. तिनं तिच्या पुढचीला. असं करत ते आत पोचलं. मल्लिनाथनं पाट्यावरून मान वर केली, बाहेर पाहिलं आणि इंजिन बंद केलं. पट्टा दोन-चार फेरे आपोआप फिरला आणि थांबला. एका बाईचं निम्मं पीठ डब्यात पडलं होतं, निम्मं आत होतं. तिनं डबा बाजूला सरकवला. बाकीच्यांनी टोपल्या खाली उतरवल्या. त्यांना सगळ्यांना माहीत असावं.

गल्ली एवढी शांत झाली की कुठंतरी कुणीतरी भांडं ठेवलं ते ऐकू आलं. नीला दारात आली. हात पिठाचे, डोळे भरलेले. बाप हाताच्या अंतरावर उभा होता. ती धावत पुढं येईल असं मला वाटलं, पण ती उंबऱ्यातच थांबली. बापाकडं बघत वाट पाहत राहिली.

रेवण्णानं हातातली पिशवी खाली ठेवली, डोक्याचा रुमाल नीट केला आणि हाक मारली.

"नीलाऽऽऽ!"

"ओऽऽ अप्पा!" तीही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली.

रांगेतल्या दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. मी रेवण्णाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "झालं न्हवं? चल आता आत."

"थांब," तो म्हणाला. आणि त्यानं पुन्हा हाक मारली.